तापीच्या तोंडाशी चालणारा मासा

ज्यांनी चालणारा मासा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फेब्रुवारीपर्यंत मीही पाहिला नव्हता, आणि न पाहताच त्याच्यावर अकरा पानं लिहून मोकळी झाले होते.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. वडील अमळनेरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात, आई शेतात मजुरीला जाते. आमच्या दोन्ही बाजूंच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. प्रबंधिकेसाठी मी विषय घेतला होता तो असा की, प्राणी पाण्यातून जमिनीकडे वळले तसं त्यांचं चालणं आणि त्यांची समज कशी बदलत गेली. त्यात मला भेटला हा मासा. ओहोटी लागली की तो चिखलावर येतो, चालतो, चरतो, भांडतो. बेडकाचा हा पूर्वज नव्हे; बेडकाची वाट वेगळी, याने आपली वाट आपण काढली. पुस्तकं असंही म्हणतात की एवढं हिंडून तो स्वतःच्याच बिळात परततो. मी ते वाक्य चांगल्या अक्षरात उतरवून काढलं. आमच्या मार्गदर्शक सरांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "प्राणी पाहिला आहे का?"

"नाही सर," मी म्हणाले.

"मग तो परततो हे कोणी पाहिलं?"

"पुस्तकात आहे."

"मग पदवी पुस्तकाला देऊ. महिनाअखेरपर्यंत स्वतः पाहून या, नाहीतर विषय बदला. डासांच्या अळ्या आहेतच."

डासांच्या अळ्यांवर आमच्या वर्गातली सहा जणं आधीच बसली होती. मला सातवी व्हायचं नव्हतं.

कोकणात या माशाला निवटी म्हणतात, पण कोकणात आमचं कोणी नाही. सुरतेला मात्र अर्धं गाव आहे. माझा मामा, आईचा सख्खा भाऊ, वीस वर्षांपासून तिथे पॉवरलूमवर आहे. शिवाय अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला लागून जी तापी वाहते तीच सुरतेपुढे समुद्राला मिळते. आपलीच नदी, आपलाच मामा. आईने ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ बांधून दिलं आणि मी निघाले.

नवागाम, सोमवार

गाडीतून उधन्याला उतरले आणि रिक्षाने डिंडोलीच्या अलीकडे, नवागामला मामाच्या खोलीवर पोचले. अमळनेर सोडून परराज्यात आल्यासारखं वाटायला काहीतरी निमित्त लागतं, ते काही मिळेना. पाट्या तेवढ्या गुजरातीत. बाकी नळावर अहिराणी, पिठाच्या गिरणीवर अहिराणी, किराणा दुकानात टांगलेली मिरचीसुद्धा आमच्याकडची. पोरं मात्र आईशी अहिराणी बोलतात, आपसात गुजराती, आणि खेळताना कोणी बाद झालं की हिंदीत भांडतात.

आणि सगळीकडे तो आवाज. खटॅक खटॅक खटॅक. दोन गल्ल्यांपलीकडे लूमचे कारखाने, पण जमिनीतून तो पायापर्यंत येतो. तिथल्या माणसांना तो ऐकू येत नाही. त्यांना माणसं ऐकू येत नाहीत. मामा दारातूनच ओरडला, "उनी का पोर? बठ!" त्याला वाटलं तो हळू बोलला.

मामीने शेवभाजी केली होती, सोबत माझ्या पिठाच्या भाकरी. मामाने भाकरीचा वास घेतला, मग तुकडा मोडला. जेवताना त्याने विचारलं, "मासा देखाले इतली लांब उनी? आपली तापीमा मासा नही शेतस का?"

"आपल्या तापीतला मासा चालत नाही, मामा."

"आनि हाऊ चालस?"

"चालस."

मामा मामीकडे वळला. "पंधरा वरीस शाळा शिकनी पोर."

"हसू नको," मामी म्हणाली. "तू वीस वरीस शे सुरतमा. समुद्र देखा का?"

मामाने पाहिला नव्हता. बारा तासांची पाळी आणि आठवड्याची एक सुट्टी, तीही झोपण्यात जाते. मी त्याला माझी अडचण सांगितली: मासे धरायचे, खूण करायची, लांब सोडायचे आणि आपापल्या बिळात परततात का ते बघायचं. शनिवारी परतीची गाडी. नाही दिसलं तर डासांच्या अळ्या. तो सगळं ऐकून म्हणाला, "खूण कसानी करशी?" मी त्याचा विचारच केला नव्हता. त्याने कपाटावरून रंगीत तारांचा गुंता काढून दिला. सुरतेत सुताच्या धाग्यालाही तार म्हणतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा, जांभळा. "हाऊ सडस नही," तो म्हणाला. म्हणजे कुजत नाही.

इच्छापोरच्या पुढे, मंगळवार

इथे मी पहिली चूक केली, आणि ती नदीकाठच्या माणसानेच करावी अशी आहे. मी जेवणखाण करून निवांत निघाले. आमच्याकडे तापीवर कधीही जा, ती असते तिथेच असते. भरती-ओहोटीचा धडा मी आठवीत पाठ केला होता, त्यात चंद्र होता, पृथ्वी होती. बसची वेळ नव्हती.

हजिऱ्याकडे जाणाऱ्या बसने इच्छापोर मागे टाकलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, फाटकांपाशी डबे घेऊन उभे असलेले कंत्राटी कामगार, मग मिठासारखी पांढुरकी जमीन आणि तिच्यावर वेडी बाभूळ. कंडक्टरने सांगितलेल्या थांब्यावर उतरून अर्धा तास चालले, आणि खाडीचा काठ आला. काठाला पाणीच पाणी. मासा नाही, चिखल नाही. आणि पाणी उलटं वाहत होतं.

मी बराच वेळ उभी राहिले. एक वाळकी फांदी समुद्राच्या बाजूने आली आणि माझ्यासमोरून वर, सुरतेकडे, खान्देशाकडे निघून गेली. एवढी वर्षं मी तापी एकाच दिशेला जाताना पाहिली आहे.

काठावर एक बाई जाळं सुकवत बसली होती. साडीचा काचा मारलेला, हात कोपरापर्यंत राखाडी. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं की चालणारा मासा कुठे मिळतो. तिने हाताचे दोन्ही पंजे जमिनीवर टेकून पुढे सरकल्याची नक्कल केली. "लेवटा?"

मी जोरात मान हलवली. नाव कळलं: लेवटा. पुस्तकातलं लॅटिन नाव मी इथे देत नाही, त्या नावाने तिथे कोणाला काही समजलं नसतं.

"हमणां भरती," ती म्हणाली. "सवारे आवजे, बेन. वहेली." आता भरती आहे, सकाळी लवकर ये. तिचं नाव मंगुबेन. सहापैकी दोन दिवस गेले आणि हाती आलं ते एक नाव.

खाडी, बुधवार

सकाळी आठला पोचले तेव्हा कालची नदी कोणीतरी उचलून नेली होती. तिच्या जागी चिखल. लांबवर, चकचकीत, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. आणि त्या अंगणात ते होते.

मी पहिला मासा पाहिला तो मला पाहत होता. वीतभर लांब, चिखलाच्याच रंगाचा, अंगावर निळे ठिपके, आणि डोळे थेट डोक्याच्या माथ्यावर, टोपीला लावलेल्या दोन बटणांसारखे. मध्येच तो एक डोळा आत ओढून घ्यायचा आणि ओला करून परत वर काढायचा. पापणी नसलेल्या जनावराने हवेत जगायची काढलेली ही तोड. छातीजवळचे दोन पर पुढे टाकायचे, त्यांवर अंग तोलायचं, मागचं ओढून घ्यायचं. कुबड्या घेतलेला माणूस चालतो तसं, पण त्यात बिचारेपणा काही नाही. घाई असली की शेपटीचा एक फटका, आणि हातभर उडी.

चरतात म्हणजे डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत चिखलाची साय खरवडतात. त्यामुळे जिकडेतिकडे केरसुणी फिरवल्यासारखे अर्धगोल उमटलेले. प्रत्येकाचा आपला तुकडा, आणि तुकड्यांमध्ये बोटभर उंचीचे मातीचे बांध. खोटं सांगत नाही, बांध. एक मासा बांध ओलांडून पलीकडे आला, तर मालक पाठीवरचा पर ताठ उभा करून तोंड वासून धावला. बांधावरची भांडणं मी गावात भरपूर पाहिली आहेत. कोर्टात न जाता मिटलेलं भांडण पहिल्यांदा तिथे पाहिलं.

सर नेहमी बजावतात की प्राण्यांच्या डोक्यात माणसाचे विचार घालू नका. मी वहीत "मालक" खोडून "मोठा नर" लिहिलं.

मासे धरायला मंगुबेन आली. बिळाला दोन तोंडं असतात. एकावर ती टाच दाबायची आणि दुसऱ्यातून खांद्यापर्यंत हात घालायची. चिखलात कान टेकेपर्यंत वाकायची आणि वळवळणारा मासा घेऊन वर यायची. मी उतरले तर तिसऱ्या पावलाला गुडघाभर रुतले. उजवी चप्पल तिथेच राहिली. ती मात्र परत आली नाही, हे निरीक्षण पक्कं.

पाच मासे. शेपटीच्या अलीकडे जिथे अंग बारीक होतं, तिथे मी एकेकाला तार बांधला. मासा साबणासारखा, तार त्याहून गुळगुळीत. कशाबशा गाठी मारल्या, प्रत्येक बिळाशी त्याच रंगाचा तार गुंडाळलेली काडी रोवली आणि मासे पन्नास पावलं पलीकडे नेऊन सोडले. मंगुबेन माझ्या काड्यांकडे बघत होती.

"दर बदलाय, बेन," ती म्हणाली.

मला वाटलं, माशांचा दर सांगते आहे. मी म्हणाले, "मुझे खरीदना नहीं है."

"कोण वेचे छे?" ती हसली. विकतंय कोण. मग चंद्रासारखा हाताचा गोल करून परत म्हणाली, "पूनम आवे छे. मोटी भरती. दर बदलाय."

पौर्णिमेला माशाचा दर वाढत असेल, सणवार असेल काही, असं मी धरलं. खरं सांगायचं तर मनात हेही आलं की मी इथे शास्त्र करते आहे आणि हिला भावाचं पडलं आहे. मी हसून मान डोलावली, तीही हसली. दोघींची समजूत पटली आणि दोघींना काही समजलं नव्हतं. तासाभराने पाणी चढायला लागलं तसं तिने मला दंडाला धरून काठावर आणलं.

गुरुवार

काडी एकही नव्हती. बिळंही नव्हती. काल जिथे तोंडं होती तिथे गुळगुळीत चिखल, आणि आजची तोंडं भलतीकडेच. मी दुर्बीण नसलेल्या डोळ्यांनी दोन तास एकेक शेपटी न्याहाळली. तार बांधलेला मासा दिसला नाही. पिवळा तार तेवढा सापडला, गाठ सुटून चिखलावर पडलेला.

मंगुबेनने त्या दिवशी काठावर तीन दगडांची चूल मांडली होती. हळद-मीठ लावून लेवटे तळत होती. माझं तोंड बघून तिने एक पानावर वाढला. ज्याच्यावर प्रबंधिका त्यालाच खायचं का, हा प्रश्न माझ्यासमोर पाच सेकंद उभा राहिला. सकाळी चहावर निघाले होते. शेपटीला तार नाही एवढं पाहून घेतलं आणि खाल्ला. मऊ, गोडसर, काटा थोडा. मंगुबेन मी शेपटी तपासताना बघून इतकी हसली की तिला उलथनं खाली ठेवावं लागलं.

बसमध्ये मी वहीत लिहिलं: "सोडलेल्यांपैकी एकही मासा मूळ बिळात परतलेला आढळला नाही." लिहिलं आणि वही मिटली. पाहिलं ते लिहायचं, हे तर सरांनीच शिकवलं होतं. पण ते वाक्य मला आवडलं नाही, आणि ते का खोटं वाटतं तेही कळेना.

संध्याकाळी मामीला सगळं सांगितलं. ती साड्यांचे लोंबते दोरे कातरत बसली होती, कारखान्यातून गठ्ठे घरी येतात. मी सहज म्हणाले, "आणि ती बाई सारखी दर सांगते. पौर्णिमेला दर बदलतो म्हणे."

मामीची कात्री थांबली. "काय सांगस? दर बदलाय?"

"हो."

"अवं, दर म्हंजे भाव नही. दर म्हंजे बीळ."

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"प्लेगना वखतले शिकनी मी," मामी सांगू लागली. प्लेगच्या वर्षी अर्धं नवागाम गावाकडे पळालं होतं. माणसं परत आली तेव्हा उंदरांची बिळं बुजवायला दारोदार लोक फिरत होते. "दारमा एक जन उना. इचारे, 'घरमां दर छे?' मी म्हननी, भाडं मालकले इचारा. तो परत, 'दर छे के नथी?' मी म्हननी, अहो, माले नही माहीत, मालक सांगी. शेजारीन दारमा बसी हशी हशी लोटपोट."

मामी हसत होती. मी पण हसले, पण कान तापले होते. मंगुबेन मला दोनदा, हाताने चंद्र काढून, सांगत होती: मोठी भरती येते, बीळ बदलतं. पाण्याने तोंडं बुजतात, मासे नवी काढतात. माझ्या अख्ख्या प्रयोगातलं जे सगळ्यात महत्त्वाचं, ते तिने मला बुधवारीच दिलं होतं, आणि मी तिला बाजार समजले. पदवी आहे म्हणून आपल्याला कोणी शिकवायचं राहिलेलं नाही असं मी कधी म्हणत नाही, पण वागले तशीच.

वही काढली आणि ते वाक्य खोडलं. एका भरतीतून दुसऱ्या भरतीत शोधून चालणार नव्हतं. मासा उचलायचा, सोडायचा आणि परतताना बघायचा, सगळं एकाच ओहोटीत. आणि खुणेची गाठ सुटता कामा नये.

मामा पाळीवरून आला होता. मी त्याला सुटलेला पिवळा तार दाखवला. त्याने तो दिव्याखाली धरला आणि माझी गाठ बघून असं तोंड केलं, जसं सर माझं स्पेलिंग बघून करतात. लूमवर हजारो तारांतला एक तुटला की त्याची टोकं शोधून जोडायची आणि ती गाठ फणीतून अडकल्याशिवाय निघून गेली पाहिजे, इतकी बारीक. ताण बसला की आणखी घट्ट. मामाने माझी करंगळी धरली, तार फिरवला, आणि मला कळायच्या आत गाठ बसली होती. मी ओढून पाहिली. कातरावीच लागली.

"माले शिकव," मी म्हणाले.

"एक रातमा? माले सहा महिना लागनात." त्याने उरलेला तार बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "सकाय येस मी."

"तुझी सुट्टी रविवारी."

"खाडा करस." मामीने मान वर केली. खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली, शिवाय शेठची बोलणी. मामा म्हणाला, "भाचीनी खाडीसाठे मामाना खाडा," आणि स्वतःच्या विनोदावर भिंत हलेल इतक्या मोठ्याने हसला.

शुक्रवार

शेवटचा दिवस. शनिवारी माझी गाडी.

मामा चिखलाच्या कडेला उभा राहून समुद्राच्या बाजूला पाहत राहिला. समुद्र लांब होता, नुसती एक उजळ रेघ. पहिला मासा त्याच्यासमोरून चालत गेला तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. दुसरा गेला तेव्हा खाली उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, म्हणजे त्याच्या मानाने हळू, "खरंच चालस."

मी मंगुबेनला हात जोडले आणि "दर" म्हणून चिखलातल्या तोंडाकडे बोट दाखवलं. "हा," ती म्हणाली, "दर," आणि जशी काही दोन दिवस याचीच वाट बघत होती तशी काचा आवळून उतरली. ती मासा काढून द्यायची, मी ओल्या फडक्यात धरायची, मामा तार बांधायचा. मासा तडफडायचा, पण मामाच्या बोटांना हलत्या वस्तूवर काम करायची सवय होती. पाच मासे, पाच रंग. मंगुबेनने त्याची गाठ जवळून पाहिली, नखाने टोकरून पाहिली आणि जाळ्याचा एक तुटका फास त्याच्यापुढे धरला. त्याने तोही बांधून दिला. एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी समजणाऱ्या त्या दोघांचं तेवढ्यात जमलं.

या वेळी काड्या रोवल्या नाहीत. प्रत्येक बिळाची जागा वहीत काढली: कोणता बांध, काठावरची कोणती बाभूळ समोर, किती पावलं. मासे वीस पावलं पाण्याच्या बाजूला नेऊन सोडले. मंगुबेन आपल्या कामाला गेली, आम्ही थांबलो. मामाला मी बांधापलीकडे उभं केलं आणि सांगितलं की हलू नको.

निळा आधी निघाला. सरळ आला नाही. थोडं चालायचा, थांबायचा, दोन्ही परांवर उंच व्हायचा, डोळे फिरवायचा, मग पुढे. माशाने थांबून वाट पाहणं, म्हणजे दिशा पाहणं, मी पहिल्यांदा पाहिलं. दहा मिनिटांनी तो आपल्या बिळात शिरला. हिरवा त्याच्यामागून, वेगळ्या वाटेने, पण आपल्याच. जांभळा भलत्या तुकड्यात शिरला, मार खाऊन बाहेर आला आणि उड्या मारत पाण्याकडे गेला तो गेला. पिवळा कुठे गेला ते आम्हा दोघांपैकी कोणी पाहिलं नाही. मी तसंच लिहिलं: पाहिलं नाही.

राहिला लाल. दोन परतले, एक गेला, एक दिसलाच नाही. सरांसमोर ठेवायला हे धड इकडचं नव्हतं, ना तिकडचं. ती उजळ रेघ आता जाड झाली होती. पाणी चिखलाच्या चरांमधून बोटं सारल्यासारखं वर येत होतं. काठावरून मंगुबेनने हाक मारली, "चालो!"

लाल येत होता. थांबला, उंच झाला, पुन्हा आला. बांध ओलांडला आणि मामाच्या पायापाशी येऊन थबकला.

"मना पायकडे देखी राह्यना तो," मामा ओठ न हलवता म्हणाला.

मासा पायाला वळसा घालून डावीकडे गेला, परत आला, उजवीकडे गेला, परत आला. मोकळा चिखल चहूकडे पडला होता, पाच हातांवर दुसरी दोन बिळं उघडी होती. तो त्यांच्याकडे वळला नाही. मी वहीतला नकाशा पाहिला. बांध, बाभूळ, पावलं. मग मामाच्या पायाकडे पाहिलं. घोट्यापर्यंत रुतलेला.

"मामा, तू त्याच्या बिळावर उभा आहेस."

"मी?"

"पाय उचल. हळू."

त्याने पाय काढला. बीळ नव्हतंच; एक तोंड मासा काढताना मंगुबेनच्या टाचेने बुजलेलं, दुसऱ्याच्या जागी नुसता मामाच्या टाचेचा खड्डा, त्यात गढूळ पाणी भरत होतं. बिळासारखं तिथे काही दिसत नव्हतं, वासाचं काही उरलं असेल तर तेही मामाच्या टाचेने कालवलेलं. मासा त्या खड्ड्याच्या काठावर आला. डोळे आत ओढून पुन्हा बाहेर काढले. मग डोकं खाली घालून तोंडभर चिखल उचलला, बाजूला टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. पाणी आमच्या घोट्यांना लागलं होतं. मंगुबेन वरून काय बोलत होती ते मी लिहीत नाही. सातव्या-आठव्या खेपेला त्याचं डोकं आत गेलं, मग अंग, मग शेपटी, आणि शेवटी मामाच्या गाठीचा लाल तार.

आम्ही काठावर आलो तेव्हा त्या जागेवरून पाणी वाहत होतं, सुरतेकडे. मामा पाय धुवायचे विसरून उभा होता. "घर मी मोडं," तो म्हणाला, "तरी जागा चुकना नही."

सरांनी बजावलेलं मला आठवत होतं. तरी त्याचं बोलणं मी जसंच्या तसं वहीत घेतलं, कंसात "मामा" असं लिहून.

परत आल्यावर

सरांनी वही पाऊण तास वाचली. जांभळ्याचं आणि पिवळ्याचं मी लपवलं नाही यावर त्यांनी काही म्हटलं नाही; लपवलं असतं तर म्हटलं असतं. पाच मासे म्हणजे सिद्धांत नव्हे, हे दोनदा ऐकवलं. मग लाल माशाच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "टाच नेमकी कुठे होती? आकृती कुठे आहे?"

मी तिथेच काढून दिली. बांध, मूळ तोंड, माशाची वाट तुटक रेघेने, आणि मध्ये मामाचा डावा पाय, बोटांसकट. सर म्हणाले, मामा काढा, सहायक लिहा. मी सहायक लिहिलं, आणि त्याच्या पुढे मामाचं पूर्ण नाव, पॉवरलूम कामगार, नवागाम. दुसरं नाव मंगुबेनचं. सरांनी ते खोडलं नाही. पानाच्या खाली त्यांनी पेनने लिहिलं, "विषय कायम," आणि सही केली.

त्या संध्याकाळी मी बूथवरून मामाच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने मामाला बोलावून आणेपर्यंत मागे लूम ऐकू येत होते. मी काय झालं ते सांगितलं. सरांनी लिहिलेले दोन शब्द त्याला ऐकू जाईनात, म्हणून बूथवाला बघत असताना ओरडून सांगितले.

पलीकडून मामाने ते दोन्ही शब्द तेवढ्याच मोठ्याने परत म्हटले. मग मामा म्हणाला, "वीस वरीस व्हयनात माले लूमवर, मी आजून कायम नही. तुना मासा ते एक ओहोटीमा व्हई गया."